अमेरिकेतील लढाई आणि आपला कापूस



आपल्या गावच्या बाजारात कापसाचा भाव कोण ठरवतो? हा प्रश्न चावडीवर टाकून पाहा. कोणी व्यापाऱ्याकडे बोट दाखवील, कोणी सरकारकडे, तर कोणी पावसाकडे. या तिघांचाही त्यात हात असतो, नाही असे नाही. पण कधी कधी भाव अशा ठिकाणी ठरतो की, त्या ठिकाणाचे नावही आपण ऐकलेले नसते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्या हंगामात सात-आठ हजारांवर उतरला. असे का झाले, याचे उत्तर आपल्या शेतात शोधून सापडण्यासारखे नव्हते. भाव पुन्हा चढेल या आशेने २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत विदर्भ-खानदेशात कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला. माणसे ओसरीवर निजली आणि कापूस माजघरात राहिला! साठवलेल्या कापसाने घरच्यांच्या अंगाला खाज सुटली, पण भाव काही हलला नाही.

अशी वेळ आपल्यावर काही पहिल्यांदा आलेली नाही. आज जी हकीकत सांगणार आहे ती एकशे साठ वर्षांपूर्वीची आहे. शिक्षकांनी ती वर्गात सांगायची झाल्यास जगाचा नकाशा भिंतीवर टांगून ठेवावा. कारण या हकीकतीत आपल्याला अमेरिकेपासून बारामतीजवळच्या सुप्यापर्यंत प्रवास करायचा आहे.

त्या वेळी जगातला सर्वांत मोठा कापडाचा कारखाना म्हणजे इंग्लंडातला लँकेशायर परगणा. मँचेस्टर शहर त्याच्या मध्यावर आणि लिव्हरपूल हे त्याचे बंदर. लक्षावधी माणसे तिथल्या गिरण्यांवर जगत होती. पण इंग्लंडात कापसाचे एक झाडही उगवत नाही. कापूस सगळा बाहेरून यायचा, आणि त्यातला जवळजवळ चार-पंचमांश एकट्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून यायचा. तिथे तो पिकवीत होते गुलाम. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती. त्यांच्या फुकटच्या श्रमावर कापूस स्वस्त पिके आणि तो लांब धाग्याचा, स्वच्छ असल्यामुळे लँकेशायरच्या यंत्रांना चांगला मानवे.

आपला कापूस दुसऱ्या पंक्तीचा. धागा आखूड, त्यात पालापाचोळा, कवडी, कधी मातीही. शिवाय सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. त्यापूर्वी मुंबईहून निघालेले शिडाचे गलबत सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी लिव्हरपूलला लागत असे. मुंबईहून जाणाऱ्या सगळ्याच कापसाला तिकडे ‘सुरती’ म्हणत. मग तो सुरतेचा असो, खानदेशचा असो की हिंगणघाटचा. अमेरिकेचे पीक बुडाले की सुरतीची आठवण व्हायची, एरवी त्याला फारसे कोणी विचारीत नसे. एखाद्या घरात पाहुणे जास्त आले म्हणजे माळ्यावरची जुनी भांडी खाली काढतात ना, तसे हे होते.

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. उत्तरेकडील संस्थाने एका बाजूला आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडील संस्थाने दुसऱ्या बाजूला. आठवड्याच्या आतच, १९ एप्रिलला, अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इकडे दक्षिणेच्या पुढाऱ्यांनाही वाटले की, आपण कापूस अडवला म्हणजे इंग्लंड झक मारत आपल्या मदतीला येईल. म्हणून सुरुवातीला त्यांनी स्वतःच कापूस रोखून धरला. एकीकडून नाकेबंदी, दुसरीकडून अडवणूक, असा कापूस दोन्ही बाजूंनी कोंडला गेला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. लढाई सुरू झाली म्हणून भाव दुसऱ्याच दिवशी भडकला, असे झाले नाही. आधीच्या एक-दोन हंगामांत अमेरिकेत अमाप पीक आले होते आणि लिव्हरपूलची गोदामे भरलेली होती. गिरण्यांकडे न खपलेले कापडही बरेच पडून होते. कणगीत ज्वारी असली म्हणजे घरधनी जसा पहिल्याच कोरड्या पंधरवड्यात घाबरत नाही, तसे तिथल्या व्यापाऱ्यांचे झाले. लढाई चार-सहा महिन्यांत आटपेल असाही पुष्कळांचा होरा होता. १८६१ साल तसेच गेले. खरा चटका बसला तो १८६२ च्या उत्तरार्धात, गोदामांचे तळ दिसू लागले तेव्हा. सुरती कापूस १८६० साली रत्तलाला सुमारे पाच पेन्स होता. १८६२ साली तो सरासरी बारा-तेरा पेन्सांवर आणि १८६४ साली एकवीस पेन्सांच्या वर गेला. पाहुण्यांसाठी माळ्यावरून काढलेल्या भांड्यांना चौपट मोल आले!

तिकडे लँकेशायरात काय झाले तेही ऐकायला हवे, कारण महागाईचे एक टोक आपल्याकडे होते तसे दुसरे तिकडे होते. गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर आली होती. ज्या गिरण्या चालू राहिल्या तिथे सुरती कापूस विणणाऱ्यांच्या हाती येई. त्याचा आखूड धागा पदोपदी तुटे, आणि मजुरी तर कामाच्या मापावर. त्या दिवसांची एक गोष्ट सांगतात. देवळात कोणी ‘देवा, आम्हांला कापूस पाठव’ अशी प्रार्थना केली, तेव्हा मागच्या बाकावरून एक विणकर ओरडला की, पाठव, पण सुरती नको! आपल्याला हे ऐकून थोडे वाईट वाटेल. पण अर्ध्या मजुरीवर दिवस काढणाऱ्या त्या माणसाच्या जागी राहून पाहावे. आणि ह्याच उपाशी कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरात सभा भरवून लिंकन यांना पत्र लिहिले की, आमचे हाल होत आहेत, तरी गुलामगिरी मोडण्याच्या कामी आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचे उत्तर पाठवले. भावाच्या तक्त्यांत या पत्राला कुठेच जागा नसते. पण मुलांना सांगताना ते वगळू नये.

मुंबईत मात्र दिवाळी होती. कुलाब्याच्या कापूसबाजारात उभे राहायला जागा नव्हती. जुन्या गाद्या आणि उशा उसवून त्यांतला कापूससुद्धा गाठीत बांधून विलायतेला रवाना झाला, असे त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. १८६० साली हिंदुस्थानातून इंग्लंडात सुमारे साडेपाच लाख गाठी गेल्या होत्या. १८६४ साली चौदा लाखांच्या आसपास गेल्या. वऱ्हाड आणि खानदेशचा माल बैलगाड्यांच्या रांगांनी घाटाकडे लोटू लागला. पुण्याकडचा बोरघाट आगगाडीने १८६३ साली ओलांडला, नाशिककडचा थळघाट १८६५ च्या आरंभी. नागपूरपर्यंत रूळ पोचले ते १८६७ साली. म्हणजे पाहा, तेजीची सगळी वर्षे पुष्कळ मालाने आधी बैलाच्या खांद्यावरूनच मजल मारली आणि आगगाडी वऱ्हाडात पुरती पोचली तेव्हा तेजी संपलेली होती.

मागणी इतकी झाली की, माल कसाही असो, उचलला जाई. मग कापसात पाणी मारणे, सरकी आणि माती मिसळणे, हे प्रकार वाढले. शेवटी मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. ‘सुरती नको’ म्हणणाऱ्या त्या विणकराच्या तक्रारीला आपण आणखी कारण पुरवले, हे कबूल केले पाहिजे.

आता खेड्याकडे वळू. शेतकऱ्याला या तेजीतले काय मिळाले? काहीच मिळाले नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. मिळाले. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कपाशीखालचे क्षेत्र चार वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले ते काही उगीच नव्हे. कोणी विहीर पाडली, कोणी खिलारी बैलजोडी घेतली, कोणी दुमजली माडी चढवली, कोणी मुलीचे लग्न थाटात केले. कपाशीच्या मुलखात गाड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याची गोष्ट तर सर्वांच्या तोंडी होती. ही गोष्ट मला अक्षरशः खरी वाटत नाही. चांदीची धाव दगडाच्या रस्त्यावर किती कोस टिकेल हे कोणत्याही गाडीवानाला विचारा. पण एखाद्या हौशी पाटलाने वरातीपुरती बसवली असेलही. लोकांच्या हातात चांदी खुळखुळत होती, एवढे मात्र त्या गोष्टीवरून खास ठरते.

पण त्याच वेळी गावात दुसरीही माणसे होती. विणकराला सूत परवडेना. कापूस विलायतेला चालल्यावर साळी-कोष्ट्यांच्या मागाला काय उरणार? ज्याला शेत नाही, जो मजुरीवर धान्य विकत घेतो, त्याला ज्वारी-बाजरी महाग झाली. कारण ज्वारीच्या रानात कपाशी शिरली होती आणि रेल्वेच्या कामावर जमलेल्या हजारो माणसांनाही धान्य लागत होते. मजुरीही वाढली, पण धान्याच्या मागून. एका घरातली तेजी शेजारच्या घरातली महागाई असते, याचा अनुभव गावोगावी आला.

आणि तेजीबरोबर गावात आणखी एक गोष्ट शिरली. ती म्हणजे उधारी. मुंबईच्या निर्यात पेढ्यांनी शहरातल्या सावकारांना आगाऊ रकमा दिल्या, त्यांनी कसब्याच्या सावकारांना दिल्या, आणि कसब्याच्या सावकाराने कुळाला म्हटले, ‘किती पाहिजेत? घेऊन जा, पेरा झाला की बघू.’ एरवी शंभर रुपयांसाठी दहा वेळा दार ठोठवावे लागायचे, तिथे सावकारच बांधावर येऊ लागला. भाव असाच राहणार असे देणाऱ्यालाही वाटत होते आणि घेणाऱ्यालाही. मला वाटते, या सगळ्या हकीकतीतली नाडी इथे आहे. भाव चढला तो अमेरिकेतल्या लढाईपायी, म्हणजे आज ना उद्या संपणाऱ्या गोष्टीपायी. पण त्याच्या भरवशावर जे कर्ज लिहिले गेले ते लढाई संपल्यावर संपणारे नव्हते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्याआधीपासूनच तहाच्या अफवांनी भाव डळमळत होता. काही आठवड्यांत ही वार्ता मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव कोसळला.

मुंबईचे जे झाले ते फार गाजलेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पाच वर्षांत आलेला पैसा कुठे ठेवावा हे न सुचून शहरात कंपन्यांचे पेव फुटले होते. १८६५ च्या आरंभी एकतीस बँका होत्या. समुद्र बुजवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. भाव उतरताच हा सगळा डोलारा बसला. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी देणारा देऊ शकेना आणि घेणारा घेऊ शकेना. बँक ऑफ बाँबेचा जो शेअर २,८५० रुपयांना गेला होता तो पुढे ८७ रुपयांवर आला. या सगळ्या व्यवहारांचे केंद्र होते प्रेमचंद रायचंद. त्यांनी तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मुंबईचा राजाबाई मनोरा उभा आहे; मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. सहलीला गेलेल्या मुलांना शिक्षकांनी हेही सांगावे की, या मनोऱ्याच्या पायात वऱ्हाड-खानदेशच्या कपाशीचा पैसा आहे.

शहराचे दिवाळे एका दिवशी वाजले. त्यावर पुस्तके लिहिली गेली, चौकशी झाली, नादारीचा कायदा झाला. खेड्याचे दिवाळे मात्र दहा वर्षे हळूहळू वाजत राहिले.

याचे एक कारण असे की, भाव जरी उतरले तरी माल जाणे थांबले नाही. उलट १८६६ साली इंग्लंडात हिंदुस्थानचा कापूस अठरा लाख गाठींच्या वर गेला, म्हणजे लढाईच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त. पेरलेली कपाशी उपटून टाकता येत नाही. आणि भाव कमी झाला तर तेवढेच पैसे हातात येण्यासाठी कुळाला जास्तच माल विकावा लागतो. पुढे अमेरिकेचा कापूस हळूहळू परत आला. १८७० नंतर लँकेशायरने सुरतीकडे पुन्हा पाठ फिरवली आणि भाव तेजीच्या शिखराच्या निम्म्याखाली, मग तिसऱ्या हिश्शाकडे घसरत गेला.

आणि कर्ज? ते कसे चालले ते आपण पाटीवर मांडून पाहू. हा हिशेब उदाहरणादाखल आहे. पण असे हिशेब त्या काळी हजारो घरांत झाले. समजा, १८६४ साली एका कुळाने शंभर रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. हा दर तेव्हा काही जबर समजला जात नसे. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली होती. सरकारचा हेतू चांगला. व्याज फार साचू नये हा. पण सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. तीन वर्षे पुरी होत आली की तो कुळाला बोलावून व्याज मुद्दलात मिळवी आणि नवे खत लिहून घेई. १८६७ साली खत झाले १७२ रुपयांचे. १८७० साली २९६ चे. १८७३ साली ५०९ चे. कुळाने मध्ये जे धान्य घातले, जो कापूस घातला, त्याची पावती बहुधा नसे.

आता दुसरा हिशेब करा. १८६४ साली शंभर रुपये म्हणजे एक गाडी कापूस असे धरा. भाव तिसऱ्या हिश्शावर आला तेव्हा नुसत्या मुद्दलाला तीन गाड्या लागणार. आणि ५०९ रुपयांना? पंधरा गाड्या! एक गाडी घेऊन पंधरा गाड्या द्यायच्या, आणि शेत तेवढेच, बैल तेवढेच. कुळाला हे गणित कळत नव्हते असे नाही. त्याला खतावरचा मजकूर वाचता येत नव्हता, एवढेच.

वरून जमाबंदी आली. इंदापूर तालुक्याच्या जुन्या धाऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून नवे, वाढीव दर बसले. मग भीमथडी आणि आसपासच्या तालुक्यांची पाळी आली. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर आकडे होते तेजीच्या वर्षांतले. शेतकरी सधन झाला आहे, धान्य-कापूस महाग आहे, रेल्वे आली आहे. तेव्हा धारा वाढवायला हरकत नाही, असा त्यांचा विचार. आकडे खोटे नव्हते, पण शिळे होते. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८७४ साली सरकारलाही वाढीला मर्यादा घालावी लागली. तोवर सारा भरण्यासाठी लोक पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसले होते. पण आता सावकाराचा हात आखडला होता. वरच्या पेढ्यांनी आपला पैसा मागे ओढला होता ना!

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही, त्याचे काम करायचे नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला स्फोट झाला. आसपासच्या गावांतून जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे गाठली. त्यांना हवी होती खते आणि वह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद चौकात आणून पेटवले गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हे लोण पोचले. साडेनऊशेंच्या आसपास माणसे पकडली गेली.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. पुष्कळदा शाळेत शिकवतात की, कापूस स्वस्त झाला म्हणून दख्खनचा दंगा झाला. हे अर्धेच आहे. भीमथडी-इंदापूरचा मुलूख हा काही वऱ्हाडासारखा कपाशीचा मुलूख नव्हे. तिथे मुख्य पीक ज्वारी-बाजरी. तेजीचा वारा तिथे पोचला तो धान्याच्या भावातून, गाडीभाड्यातून, घाटातल्या रेल्वेच्या मजुरीतून आणि मुख्यतः त्या सैल सुटलेल्या उधारीतून. आणि खुद्द कपाशीच्या वऱ्हाडात, जमीन काळी आणि पाऊस भरवशाचा असल्यामुळे, १८७५ साली तसा दंगा झाला नाही. म्हणजे जगातल्या एकाच धक्क्याने सारख्या घरांनाही सारखी इजा होत नाही. ज्याच्या जमिनीत ताकद आहे तो झोल खाऊन सावरतो. ज्याचे रान हलके, पाऊस कमी आणि खत दुसऱ्याच्या पेटीत, तो पडतो.

दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. खत गावच्या नोंदणीदारासमोर लिहावे, कुळाने मागितल्यास सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा, आणि न्यायाधीशाने नुसत्या खतावरचा आकडा न पाहता व्यवहाराच्या मुळाशी जावे, असे त्यात होते. कायदा चांगला होता. पण मधल्या काळात, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, त्याच तालुक्यांतल्या कित्येकांची जमीन आणि कित्येकांचा जीव जाऊन चुकला होता.

अशा लाटा नंतरही आल्या. सगळ्यांची हकीकत सांगत बसलो तर हे पुस्तक पुरणार नाही. एक मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिच्या आठवणी अजून काही घरांत ऐकायला मिळतात. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. या वेळी कुठे लढाई नव्हती, पीक बुडाले नव्हते. माल होता, पण घेणाऱ्याच्या हातात पैसा नव्हता. तीन-चार वर्षांत आपल्याकडे शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सारा मात्र रुपयांत ठरलेला, कर्ज रुपयांत लिहिलेले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, तसा सोन्याचा भाव चढला, आणि बायकांच्या अंगावरची पुतळ्यांची माळ, पाटल्या, वाक्या सराफाकडे चालल्या. गावचा सराफ ते सोने मुंबईला पाठवी, मुंबईहून ते आगबोटीने लंडनला जाई. कागदोपत्री त्याला निर्यात म्हणत आणि निर्यात वाढली म्हणून काहीजण समाधानही मानीत! मध्य प्रांतात १९३३ साली आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली कर्जे तोडून बसती करण्याचे कायदे झाले. सुप्याला जो हिशेब कोणी मांडला नाही तो साठ वर्षांनी सरकारी कचेरीत मांडला गेला.

आणखी एक प्रकार आहे, तो उलट बाजूने येतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात लढाई पेटली, आणि खनिज तेल काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरांवरून अकरा डॉलरांच्या वर गेले. आपण काही शेतात खनिज तेल पिकवीत नाही. पण जून १९७४ मध्ये युरियाचा सरकारी दर टनाला १,०५० रुपयांवरून २,००० रुपये झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली तेव्हाही रासायनिक खते आणि सूर्यफुलाचे तेल असेच महागले. १८६१ च्या लढाईने आपण विकतो त्या मालाचा भाव चढवला. या लढायांनी आपण विकत घेतो त्याचा चढवला. २०२२ साली तर दोन्ही एकदमच झाले. कापूस चढलेला असताना शेतकऱ्याने पुढच्या हंगामाची खते, औषधे, मजुरी चढ्या दरानेच घेतली. मग कापूस उतरला आणि घेतलेल्या जिनसांचे पैसे देऊन झालेले होते, किंवा सोसायटीच्या खात्यावर लागलेले होते.

व्यापारात आजही रुईचा भाव खंडीवर बोलतात, हे बाजारात जाणाऱ्यांना ठाऊक असेल. आजची खंडी ३५६ किलोंची, हे माप कुठून आले? मुंबईची जुनी खंडी ७८४ रत्तलांची होती. रत्तलाचे किलो करून पाहा, तीच खंडी निघते. कुलाब्याच्या बाजारात १८६४ साली ज्या मापावर ओरडून भाव ठरत होता तेच हे माप.

शिक्षकांना एक काम सुचवून थांबतो. पुष्कळ जुन्या घरांत, देवघराच्या फडताळात किंवा पत्र्याच्या पेटीत, मोडी लिपीतली जुनी खते पडून असतात. मुलांना ती विचारून आणायला सांगा. मोडी जाणणारा एखादा वृद्ध किंवा अभ्यासक तालुक्यात मिळेल. खताची तारीख पाहा, रक्कम पाहा, व्याज पाहा, आणि गहाण काय टाकले आहे ते पाहा. तारीख १८६२ ते १८६५ च्या दरम्यानची असेल तर ते खत जपून ठेवा, आणि मग त्याच घराचे पुढचे, तीन वर्षांनंतरचे खत सापडते का, ते शोधा.